वर्गात गाय उभी होती

सहा वर्षांच्या लिंडा वाइनबर्गनं एके दिवशी पीटर पॅनच्या एका महागड्या सचित्र पुस्तकातल्या परीचे डोळे फोडले. टिंकर बेल तिचं नाव. इवलीशी, लाडिक, अंग चोरून उभी असलेली ती परी लिंडाला डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. साल १९३७, गाव न्यू यॉर्कमधलं ब्रुकलिन. पुढे साठी ओलांडल्यावर तिनं ही गोष्ट स्वतःच लिहून ठेवली आणि बायकांच्या चित्रणाविरुद्ध आपण केलेलं हे पहिलं काम, असं खुशाल सांगितलं. कलेच्या इतिहासकाराची सुरुवात एका चित्राची नासधूस करून व्हावी, ही मला भारी गंमत वाटते. संग्रहालयात असं करणाऱ्याला रखवालदार हाताला धरून बाहेर काढतात. इथे ते पोर पुढे संग्रहालयांनाच जाब विचारायला गेलं.

लग्नानंतर ती लिंडा नॉक्लिन झाली आणि जगाला ते नाव माहीत आहे ते एका लेखामुळे. 'थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत?' या प्रश्नाला तिनं १९७१ च्या जानेवारीत 'आर्टन्यूज' मासिकात उत्तर दिलं. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातला संताप आणि विनोद तेवढा लक्षात राहिला. पुन्हा वाचला तो तिचं चरित्र समजल्यावर. मग जाणवलं, की हा लेख म्हणजे तिच्या स्वतःच्या शिक्षणाचा हिशेब आहे. आपल्याला काय काय मिळालं, हे तिला नीट ठाऊक होतं. म्हणूनच दुसऱ्यांना काय मिळालं नाही, हे ती इतक्या नेमकेपणानं बोट ठेवून सांगू शकली.

तर काय मिळालं होतं?

एकुलती एक मुलगी. ज्यू कुटुंब, पण सोवळ्या-ओवळ्यातलं नव्हे. उदारमतवादी, पुस्तकं आणि संगीत यांत रमणारं. घरात मुलगा नव्हता, म्हणजे 'आधी त्याचं होऊ दे, मग तुझं बघू' असं म्हणायची सोयच नव्हती. (हे अनुमान माझं. पण घरात भाऊ असलेल्या बायकांना ते पटायला वेळ लागणार नाही.) क्राउन हाइट्स या त्यांच्या वस्तीच्या कडेनं ईस्टर्न पार्कवे नावाचा रुंद रस्ता जातो आणि त्याच रस्त्यावर ब्रुकलिन म्युझियम आहे. इजिप्तच्या ममीपासून फ्रेंच चित्रांपर्यंत सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. शाळाही नव्या विचारांची, एथिकल कल्चर या चळवळीनं चालवलेली. पाठांतरापेक्षा प्रश्न विचारण्याचं कौतुक करणारी.

मग १९४७ मध्ये व्हॅसर. न्यू यॉर्कपासून शंभरेक किलोमीटरवर, हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावातलं हे मुलींचं कॉलेज १८६१ मध्ये मॅथ्यू व्हॅसर नावाच्या बिअरवाल्यानं काढलं. बिअरच्या पैशातून मुलींचं कॉलेज, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण या माणसानं इमारतींच्या मूळ आराखड्यातच चित्रदालन धरलं होतं. मुलींना शिकवायचं तर त्यांच्यापुढे खरी चित्रं असली पाहिजेत, हे त्याला किंवा त्याच्या सल्लागारांना त्या काळी सुचलं. लिंडानं तिथे तत्त्वज्ञान घेतलं, जोडीला ग्रीक आणि कलेतिहास. फक्त मुलींच्या कॉलेजात एक गोष्ट आपोआप होते. मासिकाचा संपादक मुलगीच, वादविवादात पहिली येणारी मुलगीच, प्रयोगशाळेत काचेची नळी फोडणारीही मुलगीच. हुशारी ही मुलांची मिरास असते, असं वाटायला समोर मुलगेच नसतात. अर्थात पदवी मिळाली की यातल्या बऱ्याचजणींनी लग्न करून उपनगरात संसार थाटावा, अशीच १९५१ च्या अमेरिकेची अपेक्षा होती. चार वर्षं सॉक्रेटिस आणि नंतर आयुष्यभर ओव्हन.

लिंडानं मधे एक वर्ष कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी साहित्याचं एम.ए. उरकलं आणि व्हॅसरलाच शिकवायला परत आली. तिथल्याच तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाशी, फिलिप नॉक्लिनशी, १९५३ मध्ये लग्न केलं. आणि डॉक्टरेटसाठी न्यू यॉर्क विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ फाइन आर्ट्समध्ये नाव घातलं.

इथे जरा थांबायला हवं. ही संस्था म्हणजे त्या काळी अमेरिकेच्या जमिनीवर उतरलेला जर्मनीच होता. १९३३ नंतर हिटलरनं ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून हाकललं आणि जगातला सगळ्यात कसलेला कलेतिहास बोटीत बसून न्यू यॉर्कला आला. एर्विन पॅनोफ्स्की तिथे शिकवून गेले. वॉल्टर फ्रीडलेंडर, रिचर्ड क्राउटहाइमर अशी माणसं तिथे स्थिरावली. संस्थेचे प्रमुख वॉल्टर कुक म्हणायचे, हिटलर माझा जिवलग मित्र आहे. तो झाड हलवतो आणि मी सफरचंदं गोळा करतो. पॅनोफ्स्कींनीच हे लिहून ठेवलंय. विनोद अंगावर काटा आणणारा आहे, पण त्यातला हिशेब खरा. बर्लिन, हॅम्बर्ग, फ्रायबुर्ग इथल्या सेमिनारमध्ये जी शिस्त मुरली होती, चित्राकडे तासन्‌तास बघण्याची, कागदपत्रांचा माग काढण्याची, ती ब्रुकलिनच्या एका मुलीला स्वतःच्या शहरात, घराजवळच्या रेल्वेनं जाऊन शिकता आली. हडसनच्या काठाकाठानं पोकीप्सीहून न्यू यॉर्कला येणारी ती गाडी आजही धावते.

प्रबंधाचा विषय तिनं निवडला गुस्ताव कुर्बे. १८४८ च्या क्रांतीनंतर शेतकरी, दगडफोडे, गावातलं मयत अशा गोष्टी देवादिकांच्या आकारात रंगवून पॅरिसला चिडवणारा चित्रकार. निवडही पाहा. अमेरिकेत तेव्हा मॅकार्थीचा काळ, डाव्या विचाराचा वास आला तरी नोकऱ्या जात होत्या. आणि कलेतिहासात तर शैलीचं विश्लेषण हेच खरं काम मानलं जाई. रेषा, रंग, रचना, कुणाचा कुणावर प्रभाव. चित्र आणि राजकारण यांचा संबंध जोडणं म्हणजे जरा अडाणीपणाच. लिंडानं नेमका तोच संबंध विचारला: या माणसानं असं रंगवलं, त्याचा त्याच्या काळाशी काय संबंध? १९५८-५९ मध्ये ती अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पॅरिसला राहिली. १९६० मध्ये नवरा गेला. ती एकोणतीस वर्षांची, पदरी लहान मुलगी. नोकरी आणि लेक सांभाळत १९६३ मध्ये प्रबंध पुरा झाला. या तीन वर्षांबद्दल तिनं फारसा गळा काढलेला नाही, म्हणून मीही काढत नाही.

ही झाली पूर्वतयारी. आता १९६९.

वर्षभर इटलीत राहून ती परत आली होती. वास्तुकलेचे इतिहासकार रिचर्ड पॉमर यांच्याशी तिनं १९६८ मध्ये दुसरं लग्न केलं होतं आणि नुकतीच दुसरी मुलगी झाली होती, डेझी. एका मैत्रिणीनं विचारलं, तू बाईमुक्तीबद्दल काही ऐकलंयस की नाही? आणि हातात सायक्लोस्टाइल पत्रकांचा, चोपड्यांचा गठ्ठा ठेवला. लिंडा म्हणते, मी रात्रभर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाचा ठरलेला विषय रद्द केला आणि जाहीर केलं, की आता आपण बायका आणि कला यावर काम करणार. पाठ्यपुस्तक नाही, संदर्भांची यादी नाही, आधी कुणी असा वर्ग घेतलेला नाही. मुलींनीच ग्रंथालय उपसायला सुरुवात केली. त्या वर्षाचं वर्णन तिनं एका ओळीत केलंय: मला मूल झालं, मी स्त्रीवादी झाले आणि व्हॅसरला पहिला 'स्त्री आणि कला' वर्ग सुरू केला. या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगणं मला आवडतं. कुठलीच खाजगी नाही, कुठलीच नुसती सार्वजनिक नाही.

आणि १९७० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर व्हॅसरच्या पदवीदान समारंभाला स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनम भाषणाला आल्या होत्या. तिथे रिचर्ड फायगन हे नावाजलेले गॅलरीवाले लिंडाला भेटले आणि अगदी सद्भावानं म्हणाले, मला बायकांची चित्रं लावायला आवडतील हो, पण चांगल्या सापडतच नाहीत. थोर स्त्री-कलाकार का झाल्या नाहीत?

अशा प्रश्नाला आपण साधारण दोन उत्तरं देतो. एक, ताबडतोब नावांची यादी काढायची: अमकी होती, तमकी होती, तुम्हाला माहीत नाही. दुसरं, बायकांची कला वेगळीच असते, तिला वेगळी फूटपट्टी लावा. लिंडानं दोन्ही बाजूला सारली. तिनं सरळ मान्य करून टाकलं, की मायकेलअँजेलो किंवा रेम्ब्रांट यांच्या तोडीच्या बायका नाहीत. लिथुएनियाचे जॅझ पियानोवादकही नाहीत की एस्किमो टेनिसपटूही नाहीत. मग दोष कुणाचा? तिचं उत्तर लेखाच्या पहिल्या भागातच येतं: दोष आपल्या ग्रहताऱ्यांत, संप्रेरकांत किंवा मासिक पाळीत नाही, तो संस्थांत आणि शिक्षणात आहे.

त्यानंतर लेख जे करतो ते माझ्या मते त्याचं खरं सामर्थ्य आहे. तो 'समाज', 'मानसिकता' असले गोलगोल शब्द घोळवत बसत नाही. तो एका खोलीत शिरतो. ती खोली म्हणजे नग्न मॉडेल समोर बसवून चित्र काढण्याचा वर्ग.

युरोपात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत मोठं चित्र म्हणजे ऐतिहासिक किंवा पौराणिक चित्र. त्यात माणसांची शरीरं असायची, पिळलेली, लढणारी, मरणारी. ती रंगवायची तर शरीराचा अभ्यास हवा आणि तो अभ्यास अकादमीतल्या मॉडेलच्या वर्गात व्हायचा. बायकांना तिथे प्रवेश नव्हता. लंडनच्या रॉयल अकादमीत मुलींना हा वर्ग १८९३ मध्ये मिळाला आणि तेव्हाही मॉडेलच्या कमरेला काही गुंडाळलेलं असावं, अशी अट होती. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेनं मुलींना दार उघडलं ते १८९७ मध्ये. थोडक्यात, परीक्षा ज्या विषयाची, तो विषयच शिकवायचा नाही आणि मग म्हणायचं, बायका नापास होतात बुवा.

या वर्गाची दोन चित्रं लिंडा पुढे ठेवते. पहिलं योहान झोफनीचं, १७७२ चं. रॉयल अकादमीचे जवळपास सगळे सभासद एका दालनात जमलेत, कुणी उभे, कुणी टेकलेले, आणि एका बाजूला दिव्याच्या उजेडात नग्न पुरुष मॉडेलला बसवण्याचं काम चाललंय. अकादमीच्या संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. चित्रात सगळ्यांना घ्यायचं तर त्यांनाही घ्यायला हवं. पण नागड्या पुरुषासमोर बायका उभ्या कशा करायच्या? झोफनीनं तोडगा काढला. या दोघींना त्यानं भिंतीवर टांगलं. मागच्या भिंतीवर त्यांची दोन छोटी व्यक्तिचित्रं दिसतात, तीही नीट ओळखू न येणारी. सभासद आहेत, हजर आहेत, पण फ्रेममध्ये. त्या दोघींनंतर रॉयल अकादमीला पूर्ण सभासद म्हणून पुढची बाई मिळायला १९३६ उजाडावं लागलं, लॉरा नाइट.

दुसरं चित्र म्हणजे फोटो आहे, १८८० च्या दशकातला, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीतला. थॉमस ईकिन्सच्या वर्गातल्या मुली मातीकाम करतायत. अंगात लांब झगे, समोर मॉडेल. मॉडेल कोण? गाय. खरीखुरी, चार पायांची, वर्गात आणून उभी केलेली गाय. मुलींनी शरीररचना शिकायची ना, मग ही घ्या. आणि ईकिन्स हा त्यातल्या त्यात बरा माणूस, बरं का. मुलींना सगळं शिकायला मिळावं असं त्याचं मत होतं. पुढे १८८६ मध्ये मुली असलेल्या वर्गात पुरुष मॉडेलच्या कमरेचं फडकं काढलं म्हणून त्याला राजीनामा द्यावा लागला.

हा फोटो बघितल्यापासून रोझा बॉनरच्या घोड्यांकडे मी निराळ्या नजरेनं बघते. बॉनर ही एकोणिसाव्या शतकातली सगळ्यात यशस्वी चित्रकर्ती. तिचं 'घोडेबाजार' हे जवळपास पाच मीटर रुंदीचं चित्र न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उधळलेले पर्शेरॉन घोडे, धूळ, त्यांना आवरणारी माणसं. बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन अभ्यास करता यावा म्हणून तिनं पॅंट घालण्याचा परवाना पोलिसांकडून काढला होता. माणसाचं शरीर मिळत नाही, तर जनावराचं घ्या. बॉनरनं ते घेतलं आणि त्यातच अव्वल ठरली.

लिंडाच्या लेखात आणखी एक निरीक्षण आहे. इतिहासात ज्या चित्रकर्ती झाल्या, त्यातल्या बहुतेकींचे वडील चित्रकार होते. आर्टेमिसिया जेंतिलेस्की, लाविनिया फोंताना, तिंतोरेत्तोची मुलगी मारिएत्ता, अँजेलिका कॉफमन, विजी-लब्रँ, बॉनरही. अकादमीचं दार बंद, पण घरातल्या कारखान्याला दारच नाही. रंग घोटायला बसता बसता मुलगी शिकायची. हे वाचताना मी थेट मुंबईला आले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थिनींमध्ये दोन नावं हमखास घेतली जातात: अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद. एक रावबहादूर म. वि. धुरंधरांची लेक, दुसरी मूळच्या गोव्याच्या अंतोनियो झेवियर त्रिंदादांची. दोघींचे वडील नाणावलेले चित्रकार आणि जे. जे. मध्ये शिकवणारे. युरोपातल्या चार शतकांवरून काढलेला नियम गिरगावाच्या पलीकडे इतका तंतोतंत लागू पडावा! त्या दोघी गुणी होत्या यात शंकाच नाही. पण त्याच काळात ज्यांचे वडील कारकून किंवा भटजी होते, त्या गुणी मुलींची नावं आपल्याला कुठून कळणार?

आणि दुसरा एक भाग वाचताना मला हसू आवरेना. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात मुलींना उपदेश करणारी पुस्तकं निघत. त्यांत सांगितलेलं असे, की चित्रकला जरूर शिका, पण बेतानं. कुठल्याही एका गोष्टीत फार पुढे जाऊ नका. सगळं थोडं थोडं यावं, म्हणजे घरच्यांना उपयोग. अहो, हे तर रुखवत झालं! माझ्या मावशीला इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेत ए ग्रेड होती. तिच्या लग्नातल्या रुखवतावर तिनं रंगवलेले माठ, काचेवरचं राधाकृष्ण, कापडावर भरलेला मोर असं सगळं मांडलं होतं आणि मांडवातली पाहुणेमंडळी रांगेनं बघून जात होती. ए ग्रेड मामालाही होती. त्याला मुंबईला कमर्शियल आर्टला घातलं आणि तो जाहिरात कंपनीत लागला. मावशीचा हात मामापेक्षा चांगला होता हे मामाच सांगतो, अगदी मोकळेपणानं, कारण त्यातून आता कुणाचं काही बिघडत नाही. आजही महाराष्ट्रातल्या शाळांमधून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुली उत्साहानं बसतात. पुढे मेंदी, रांगोळी, हळदीकुंकवाचं डेकोरेशन. कुणी मनाई करत नाही. कौतुकच होतं. लिंडाचं म्हणणं हेच होतं, की मनाईपेक्षा हे बेताचं कौतुक जास्त काम करतं.

आता परत तिच्याकडे. तिच्या लेखावर एक आक्षेप असा घेता येतो, की सगळा दोष व्यवस्थेचा, तर मग तू कशी झालीस? मला वाटतं तिचं आयुष्य हाच त्याचा जबाब आहे. संग्रहालय रस्त्यावर, कॉलेजात चित्रदालन, गुरू निर्वासित, शिष्यवृत्ती सरकारी, नवरे दोन्ही वेळा विद्वान आणि बायकोच्या कामात आडवे न येणारे. बुद्धी तर तिच्याकडे भरपूर होतीच. पण प्रतिभा म्हणजे मातीत पुरलेलं सोन्याचं नाणं, ते कधीतरी आपोआप चमकून वर येतंच, या समजुतीची तिनं लेखात टर उडवलीय. मेंढरं राखणाऱ्या जोत्तोनं दगडावर चित्र काढलं आणि चिमाबुएनं त्याला हेरलं, ही सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीनं सांगितलेली कथा. तशाच कथा मग कुणाकुणाच्या नावावर चिकटल्या. आपल्याकडेही कुठल्याही मोठ्या गायकाच्या चरित्रात लहानपणी भिंतीआडून ऐकलेलं गाणं असतंच. पिकासोच्या बालपणीच्या चमत्कारांबद्दल बोलताना त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते हे सोयीस्करपणे मागे पडतं. लिंडा विचारते, पिकासो मुलगी असता तर वडिलांनी तेवढंच लक्ष घातलं असतं?

ती गंभीर चेहऱ्याची विदुषी होती अशी समजूत होऊ नये म्हणून केळ्यांची हकीकत सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातला एक फ्रेंच फोटो तिला सापडला: फक्त मोजे आणि बूट घातलेली बाई, छातीशी सफरचंदांचं तबक, खाली 'सफरचंदं घ्या'. स्तन आणि फळं यांची ही जोडी युरोपीय चित्रकलेत इतकी रुळलेली, की कुणाला काही खटकत नाही. १९७२ मध्ये लिंडानं एका दाढीवाल्या, केस वाढवलेल्या पुरुषाला मोजे आणि बूट तेवढे ठेवून उभं केलं आणि त्याच्या हातात, नेमक्या जागी, केळ्यांचं तबक दिलं. 'केळी घ्या'. कलेतिहासकारांच्या परिषदेत हा फोटो पडद्यावर आला तेव्हा सगळे हसले. तिला तेच दाखवायचं होतं. पहिल्या फोटोला आपण हसत नाही आणि दुसऱ्याला हसतो. कुणी कुणाकडे बघायचं हे आधीच ठरलेलं आहे म्हणून. अर्ध्या तासाचं व्याख्यान जे करू शकलं नसतं, ते एका डझन केळ्यांनी केलं.

याच सुमाराला लॉस एंजेलिसमधल्या स्त्री-कलाकारांनी तिथल्या मोठ्या संग्रहालयाला घेरलं होतं. कला आणि तंत्रज्ञान या विषयावरच्या भल्याथोरल्या प्रदर्शनात एकही बाई नव्हती. त्या रेट्यातून पुढे १९७६ च्या अखेरीस लॉस एंजेलिस काउंटी म्युझियममध्ये १५५० ते १९५० या चारशे वर्षांतल्या स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन भरलं. लिंडानं आणि ॲन सदरलँड हॅरिसनं ते मांडलं. ऐंशीहून जास्त चित्रकर्ती. कित्येक चित्रं संग्रहालयांच्या तळघरातून वर काढावी लागली. प्रदर्शन फिरत फिरत १९७७ मध्ये ब्रुकलिन म्युझियमला आलं, म्हणजे तिच्या लहानपणच्या त्याच रस्त्यावर. इथे एक विसंगती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. यादी काढून उत्तर देऊ नका, असं पाच वर्षांपूर्वी म्हणणारी बाई आता चारशे वर्षांची यादीच भिंतीवर लावत होती. पण ते दालन बघून आर्टेमिसियाचं नाव पहिल्यांदा ऐकणारे इतके लोक होते, की विसंगती गेली खड्ड्यात, असंच मी म्हणेन.

खरे आक्षेप दुसरे आहेत. 'थोर' हे मोजमापच कुणी ठरवलं, रजया विणणाऱ्या आणि मातीची भांडी घडवणाऱ्या बायका त्यात का धरायच्या नाहीत, असं ब्रिटनमधून ग्रिझेल्डा पोलॉक आणि रोझिका पार्कर यांनी १९८१ मध्ये विचारलं. लिंडाचा लेख थोरपणाची शिडी तशीच ठेवतो, फक्त बायकांना शिडी धरू का दिली नाही एवढंच विचारतो. गोऱ्या नसलेल्या बायकांसाठी त्या लेखात फारच थोडी जागा आहे, हेही खरं. तिनं स्वतः पुढे या दोन्ही दिशांना पावलं टाकली. १९८३ मध्ये युरोपीय चित्रकारांनी रंगवलेल्या पूर्वेवर लिहिताना तिनं जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या गारुड्याच्या चित्राची जी चिरफाड केली, ती वाचल्यावर आपल्याकडच्या जुन्या विलायती चित्रांकडेही पूर्वीसारखं बघता येत नाही. २००७ मध्ये पंचाहत्तरी ओलांडल्यावर तिनं मॉरा राइलीबरोबर ब्रुकलिनलाच जगभरच्या स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन केलं. शिकवत तर ती २०१३ पर्यंत होती, त्याच इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे ती विद्यार्थिनी म्हणून रेल्वेनं यायची.

२०१७ च्या सप्टेंबरात पॅरिसला डिओर या फॅशन कंपनीचा शो झाला. पहिलीच मॉडेल आली ती पट्ट्यांचा शर्ट घालून आणि त्यावर लिंडाचा प्रश्न छापलेला. खुर्च्याखुर्च्यांवर लेखाची पुस्तिका ठेवली होती. महिनाभरानं, २९ ऑक्टोबरला, लिंडा गेली. शहाऐंशी वर्षांची होती. तो शर्ट विकत घेणाऱ्या किती जणींनी लेख वाचला असेल याबद्दल मी फार आशावादी नाही. शर्टावर प्रश्न मावतो, त्याचं लांबलचक उत्तर मावत नाही.

तिचं काही वाचायचं तर १९७१ च्या लेखापासून सुरुवात करा, असं सगळे सांगतात. मी म्हणेन, कुर्बेच्या 'स्टुडिओ'वर तिनं १९८८ मध्ये लिहिलेलं आधी वाचा, चित्र मोठं करून समोर ठेवून. सहा मीटर रुंदीचा तो कॅनव्हास पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मधोमध कुर्बे स्वतः, ईझलवर निसर्गचित्र रंगवतोय. त्याच्या मागे नग्न मॉडेल, कौतुकानं बघत उभी. उजवीकडे कवी बोदलेर, विचारवंत प्रुधाँ वगैरे मित्रमंडळी. डावीकडे गोरगरीब. त्या गर्दीत कॅनव्हासच्या पाठीला टेकून जमिनीवर एक आयरिश भिकारीण बसलीय, उघडे पाय, चिंध्या, कुशीत तान्हं पोर. शंभरेक वर्षं समीक्षक कुर्बेच्या हाताकडे आणि मॉडेलच्या पाठीकडे बघत राहिले. लिंडाची नजर या बाईवर जाऊन खिळते. ती म्हणते, या चित्रातलं कलावंताच्या थोरवीचं सगळं छान जमलेलं गणित ही बाई बिघडवते. मग ती आणखी एक खोडी काढते: मधल्या खुर्चीवर कुर्बेऐवजी रोझा बॉनरला बसवा, म्हणते, आणि मागे उभा करा एखादा नागडा पुरुष, कौतुकानं बघणारा. करून बघा मनातल्या मनात. आणि मग तिचं शेवटचं पुस्तक घ्या, गरिबीच्या चित्रणावरचं. ते २०१८ मध्ये तिच्या पश्चात आलं आणि त्यात दुष्काळातली आयरिश माणसं आहेत, कुर्बेची भिकारीण आहे आणि फेर्नाँ पेलेझ आहे, पॅरिसच्या रस्त्यावरची उपाशी पोरं रंगवणारा. त्याचं नाव मी त्या पुस्तकाआधी ऐकलंसुद्धा नव्हतं.